ओला सँडस्टोन, भेगांमधली चढाई आणि इंडियन क्रीकचे नऊ दिवस

बाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागे ट्रेकच्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की अमेरिकेत नोकरीला असताना युटाच्या वाळवंटात क्रॅक क्लाइंबिंगला, म्हणजे खडकातल्या भेगांमधून चढायला, गेलो होतो, तर चार-पाच जणांनी सविस्तर लिहा म्हणून सांगितलं. लिहायला वेळ लागला कारण त्या ट्रिपमधली एक गोष्ट सांगायची की नाही हे ठरत नव्हतं. आता सांगतोच.

आधी माझं थोडं. मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात राहतो, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटं. बाबांचा फर्शीचा धंदा, म्हणजे आपल्या इकडचा बलुआ पत्थर (सँडस्टोन), ज्याला बाजारात ग्वालियर मिंट म्हणतात. लहानपणापासून घरात बोलणं दगडाचंच, कुठल्या खाणीचा माल आला, किती फर्श्या तडकल्या, पावसाळ्यात ट्रक अडकला. तरी मी दगडावर चढायला शिकलो ते डेन्व्हरला गेल्यावर, ऑफिसमधल्या एका मित्रामुळे. करोनाच्या आधीच्या एका ऑक्टोबरात आम्ही चौघं नऊ दिवसांची सुट्टी काढून इंडियन क्रीकला गेलो. डेन्व्हरहून मोआब गाडीने सहा तास, तिथून दक्षिणेला अजून तासाभराहून जास्त. मोबाईलला रेंज नाही, नळ नाही, दुकान नाही. पाणी माणशी रोज ४ लिटर धरून सगळं गाडीत भरून न्यायचं आणि कचरा, अगदी शौचाच्या पिशव्यांसकट, परत आणायचा.

जागा कशी आहे सांगतो. दरीच्या दोन्ही बाजूंना लालभडक भिंती, मैलोन्‌मैल, एका उंचीच्या, सुरीने कापल्यासारख्या उभ्या. हा विंगेट सँडस्टोन, साधारण २० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाऱ्याने उडवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा झालेला दगड. त्याच्या खाली चिनले नावाचा मऊ थर आहे, तो झिजत जातो, मग वरचा विंगेट उभ्या सांध्यांवर सुटून मोठमोठ्या पाट्यांनी कोसळतो आणि मागे ताजी सरळ भिंत उरते. त्या भिंतीत उभ्या भेगा. आणि भेगा म्हणजे कशा, खालून वरपर्यंत ३० मीटर दोन्ही कडा एकमेकींना समांतर, रुंदी जवळपास तेवढीच. दुसरीकडे कुठे हाताला पकड मिळते, पायाला खाच मिळते, इथे काही म्हणजे काही नाही, फक्त ती भेग. हात भेगेत घालायचा, आत फुगवायचा आणि त्यावर लटकायचं.

पहिले दोन दिवस स्वप्नासारखे गेले. सुपरक्रॅक ऑफ द डेझर्ट नावाची जी प्रसिद्ध भेग आहे ती मी वरून दोर लावून चढलो, लीड करायची, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून दोर स्वतः अडकवत चढायची, माझी तयारी नव्हती. ती १९७६ साली पहिल्यांदा चढली गेली, अर्ल विगिन्स, एड वेबस्टर आणि ब्रायन बेकर या तिघांनी, आणि तेव्हा आजचे कॅम, म्हणजे भेगेत अडकवून दोर धरणारी स्प्रिंगची साधनं, बाजारात नव्हते. विगिन्सने हेक्स लावत लीड केली, म्हणजे षट्कोनी पोकळ धातूचे तुकडे, जे समांतर भेगेत नीट बसतच नाहीत. मी खाली दोर बांधून उभा असताना हाच विचार करत होतो की त्या माणसाने वर जाताना काय विचार केला असेल.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. तंबूवर दोन-अडीच तास चांगला पडला. सकाळी लख्ख ऊन, दहा वाजेपर्यंत भिंत बघायला कोरडी ठणठणीत. गाईडबुकात, कॅम्पच्या फलकावर, सगळीकडे लिहिलेलं असतं की पावसानंतर सँडस्टोनवर चढू नका, एक ते तीन दिवस थांबा. आम्हाला माहीत होतं. आम्ही तो दिवस बसून काढला, पेट्रोग्लिफ्स, म्हणजे दगडावर कोरलेली जुनी चित्रं, बघायला गेलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक दुसरा ग्रुप चढताना दिसला, आणि मनात आलं की नऊ दिवसांतले दोन असेच गेले तर उरलं काय, पुन्हा कधी येणार, सोपा रूट आहे, दक्षिणेकडे तोंड आहे, वाळला असेल. मी चढलो. लीड माझी होती, निर्णय माझा होता.

साधारण १२ मीटरवर उजवा पाय भेगेबाहेरच्या एका कडेवर ठेवला आणि ती कड बिस्किटासारखी मोडली. सगळं वजन वरच्या कॅमवर आलं. कॅम एक क्षण धरला आणि मग खरवडत बाहेर आला, तो आवाज अजून कानात आहे. त्याखालच्या कॅमने धरलं म्हणून सहा मीटर पडून थांबलो. घोटा सुजला, बाकी मला काही झालं नाही.

पण भेगेच्या दोन्ही कडांवर कॅमने ओढलेल्या पांढरट खोल रेघा उठल्या, वीतभर लांब. लाल दगडावर त्या लांबून दिसतात. २० कोटी वर्षांपूर्वीचा तो दगड मी एका सकाळच्या घाईपायी खरवडला. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. त्या रेघा आता तिथेच राहणार.

त्या आठवड्यात मोआबला परतल्यावर बाबांना फोन केला. पडलो ते सांगितलं आणि का पडलो तेही. ते एवढंच म्हणाले, "अरे, तू कोणाच्या घरात वाढलास? ओल्या दगडावर आपण भार तरी टाकतो का?" खाणीतून ताजी निघालेली फर्शी मऊ असते, छिन्नी सहज चालते, वाळली की टणक होते, हे मी पाचवीत असल्यापासून ऐकत आलोय. दगडाच्या पोटात पाणी असतं हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तरी चढलो. म्हणून हा धागा. कोणी वाळवंटातल्या सँडस्टोनवर जायचा विचार करत असेल तर प्रश्न विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

सयाजीगंजकर

बाडेकर, मनापासून लिहिलंत. मी बडोद्याची. माऊंट अबूच्या स्वामी विवेकानंद माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमधून बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही केलंय, पण तो सगळा ग्रॅनाइट, आणि भेग दिसली की आम्ही तिच्या कडा धरून ओढत चढायचो, हात आत घालून फुगवायचा वगैरे आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते नक्की कसं करतात? आणि दुखत नाही का? मला वाचतानाच हाताच्या पाठीवर काटा आला.

बाडेकर

सयाजीगंजकर, दुखतं, सुरुवातीला फार दुखतं, आणि चुकीचं केलं तर जास्त दुखतं.

हात सरळ, बोटं जुळवलेली, जसं आपण पत्रपेटीत हात घालू तसा भेगेत घालायचा, अंगठा वरच्या बाजूला. मग अंगठा तळहाताच्या आत दुमडायचा, करंगळीकडे. त्याने अंगठ्याच्या बुडाचा स्नायू फुगतो आणि हात जाड होतो, एका बाजूने तळवा आणि बोटांची टोकं दाबतात आणि दुसऱ्या बाजूने हाताची पाठ. बस्स. जोर लावून पकडायचं नाही, हात अडकवायचा आणि हाडांवर लटकायचं. माझ्या हाताला ५ सेंटीमीटरच्या आसपासची भेग उत्तम बसते. तुमचा हात लहान असेल तर तुमची उत्तम भेग माझ्यापेक्षा अरुंद, त्यामुळे क्रीकमध्ये रूटचा ग्रेड (किती अवघड ते) वाचून फार कळत नाही, तुमचा हात आणि ती भेग यांचं काय जमतं त्यावर सगळं. आमच्यातली एक मैत्रीण, बारीक हातांची, मी जिथे रडकुंडीला आलो तिथे गुणगुणत चढून गेली.

पण खरी चढाई पायांवर असते, हे मला कळायला चार दिवस लागले. गुडघा बाहेरच्या बाजूला पाडायचा म्हणजे पाऊल आडवं होतं, अंगठा वर, करंगळी खाली, तसं ते भेगेत सरकवायचं, मग गुडघा सरळ वर आणायचा. पाऊल आत पिळलं जातं आणि पायरीसारखं घट्ट बसतं. त्यावर उभं राहायचं. दोन पाय असे लागले की हात जवळजवळ मोकळे होतात, विसावा घेता येतो.

हाताला टेप लावायचा. तिकडे झिंक ऑक्साइडचा टेप वापरतात, आपल्याकडचा ल्युकोप्लास्ट त्याच जातीचा. हाताची पाठ आणि मनगट झाकायचं, तळवा उघडा ठेवायचा. आता रबर लावलेले क्रॅक ग्लव्ह्जही मिळतात, नवीन माणसाने सरळ तेच घ्यावेत.

हाताहून अरुंद भेग असली की बोटं पिळून अडकवायची, हाताहून रुंद असली की मूठ आडवी. त्याहून रुंद, म्हणजे मूठ सैल पडते पण अख्खं शरीर आत जात नाही, ती ऑफविड्थ. तिथे दोन हात एकमेकांना चिकटवून एकत्र अडकवतात, कोपर दुमडून कोंबडीच्या पंखासारखा आत घालतात, गुडघा घालतात. मी एकच केली. अर्धा तास लागला ९ मीटरला आणि खांदा, गुडघा दोन्ही सोलून निघाले. पण वर पोचल्यावर जे समाधान मिळालं ते सोप्या रूटवर कधीच मिळालं नव्हतं.

सह्यकडा

चांगला धागा. मी पुण्याचा, आमचं सगळं बसाल्टवर, नागफणी, हरिश्चंद्रगडाची बाजू, बाकी सुळके. आमच्याकडे भेगा असतात पण आतून भुसभुशीत, माती, गवत, कधी विंचू, त्यामुळे मेखा नाहीतर बोल्ट. कॅम आमच्या ग्रुपकडे आहेत पण प्रत्येक साईजचा एकेक. मी ऐकलंय की इंडियन क्रीकला एकाच साईजचे सात-आठ कॅम लागतात. हे खरं का? एवढे कशाला?

बाडेकर

सह्यकडा, खरं आहे. भेग खालून वर एकाच रुंदीची, मग ३० मीटरमध्ये जे काही लावणार ते त्याच साईजचं. हाताच्या रुंदीच्या रूटला पिवळा २ नंबर सहा-सात तरी न्यायचे, कधी वर थोडी अरुंद होते म्हणून लाल १ नंबर दोन. एकट्याकडे एवढे कोणाकडेच नसतात, चार-पाच जण आपापले कॅम एका ताडपत्रीवर ओततात, प्रत्येकाच्या कॅमवर त्याच्या रंगाची चिकटपट्टी, संध्याकाळी वाटणी. मला तो प्रकार फार आवडला. अनोळखी माणसं येऊन म्हणायची, उद्या आम्हाला तुमचे निळे द्याल का, आम्ही आमचे जांभळे देतो.

ज्यांना कॅम माहीत नाही त्यांच्यासाठी. दांड्याच्या टोकाला तीन-चार पाकळ्या, स्प्रिंगवर उघडझाप करणाऱ्या. खटका ओढला की मिटतात, भेगेत घालून सोडला की उघडून दोन्ही कडांना टेकतात. खाली ओढ बसली की पाकळ्या अजून उघडायला बघतात, म्हणजे जेवढं ओढाल तेवढ्या जास्त दाबतात. पाकळीचा बाहेरचा आकार शंखाच्या वळणासारखा, लॉगॅरिदमिक स्पायरल, त्यामुळे कमी उघडली काय नि जास्त उघडली काय, दगडाला टेकायचा कोन तोच राहतो. रे जार्डिन नावाच्या एअरोस्पेस इंजिनिअरने हे योसेमिटीत गुपचूप वापरून बघितलं आणि १९७८ मध्ये इंग्लंडच्या वाइल्ड कंट्रीने 'फ्रेंड' या नावाने विकायला काढलं. त्यानंतर या समांतर भेगांची दारं सगळ्यांना उघडली.

पण लक्षात घ्या की कॅम दगडाला बाहेरच्या बाजूला दाबतो, आणि खाली खेचणाऱ्या वजनाच्या साधारण दुप्पट दाब प्रत्येक कडेवर पडतो. बसाल्ट, ग्रॅनाइट ते सहन करतात. सँडस्टोनमध्ये दाब एवढा झाला की कण सुटतात आणि पाकळी त्या कणांवरून घसरते. म्हणून तिथे कॅम भेगेच्या तोंडाशी लावायचा नाही, आत खोल लावायचा, आणि एकावर विसंबायचं नाही, जवळजवळ लावायचे. माझा वरचा कॅम घाईत तोंडाशीच लागला होता.

राजवाड्याजवळ

इंदूरहून. वय ४६, जिममध्ये भिंतीवर दोन वर्षं चढतोय, मुलगी कॉलेजला आहे तीही चढते. दोघांनी जायचं म्हटलं तर किती दिवसांची सुट्टी, कुठला सीझन? आणि आमच्यासारख्यांना झेपेल का?

बाडेकर

वयाचा काही प्रश्न नाही, तिथे साठीचे लोक माझ्यापुढे चढत होते. सीझन दोनच, मार्च ते मे आणि सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. वसंतात गरुड-ससाण्यांची घरटी असलेल्या भिंती बंद ठेवतात, ते आधी बघायचं. सुट्टी ठरवताना मी आता असं सांगेन की चढायचे दिवस मोजा आणि त्यात तीन दिवस पावसाचे घाला. सहा दिवस चढायचं असेल तर नऊ. तीन दिवस वापरावे लागले नाहीत तर उत्तम, पण ते आधीच सोडून दिलेले असले की सकाळी भिंतीकडे बघताना मनात हिशोब चालू होत नाही. माझं तिथेच चुकलं, मी नऊचे नऊ चढायचे म्हणून धरले होते.

मुलीबरोबर पहिल्यांदा जात असाल तर तिथला गाईड दोन दिवस घ्याच.

सह्यकडा

एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. आम्ही बदामीला गेलो होतो, तोही सँडस्टोन, रात्री सर आली, सकाळी दहाला चढलो, काही झालं नाही. दगड दगडात फरक असतो. एक ते तीन दिवस हा नियम जरा जास्तच काळजीचा नाही वाटत?

बाडेकर

सह्यकडा, राग कसला, मीही त्या सकाळी नेमकं हेच म्हणालो होतो.

दगड दगडात फरक असतो हे शंभर टक्के. बदामीचा दगड विंगेटपेक्षा खूप जुना आणि जास्त घट्ट बसलेला आहे. पण सगळ्याच सँडस्टोनमध्ये वाळूचे कण कशाने तरी चिकटलेले असतात, कुठे सिलिका, कुठे चुना, कुठे चिकणमाती, कुठे लोहाचा गंज. सिलिका असेल तर पाण्याने फार बिघडत नाही. चुना किंवा माती असेल तर पाणी आत शिरलं की तो चिकटा सैल होतो, आणि काही सँडस्टोन ओले झाले की निम्म्याहून जास्त ताकद घालवतात. ती वाळल्यावर परत येते, पण वाळेपर्यंत नाही.

आणि वाळणं वरवर बघून कळत नाही, हीच खरी गोम आहे. ऊन-वाऱ्याने वरचा पदर तासाभरात सुकतो, रंग उजळतो, हात लावला तर कोरडा लागतो. आत दोन-तीन सेंटीमीटरवर अजून पाणी असतं. भेग तर सावलीत, वारा नाही, तिथे सगळ्यात उशिरा वाळतं, आणि कॅम तिथेच लावायचा असतो. तिकडचे जुने लोक एक साधी गोष्ट करतात. भिंतीच्या पायथ्याशी वाट जिथे तुडवली गेली आहे तिथली वाळू चार बोटं उकरून बघायची. खालची वाळू ओलसर, गडद लागली तर दगडही आतून ओला समजायचा आणि परत फिरायचं. मी पडल्यानंतर जाऊन उकरलं. वरचं बोटभर कोरडं, खाली मुठीत दाबली तर लाडू वळेल इतकी ओली.

जर्मनीत एल्ब नदीकाठच्या सँडस्टोनवर तर ओल्या दगडावर चढायला बंदीच आहे, आणि कॅम-हेक्स अशी धातूची साधनंही चालत नाहीत, दोराच्या गाठी भेगेत अडकवतात. आधी मला ते टोकाचं वाटायचं. आता वाटत नाही.

गडप्रेमी_गोपाचल

काका, मी पण ग्वाल्हेरचा, इंजिनिअरिंगला आहे. एवढा मोठा सँडस्टोनचा कडा आपल्या डोक्यावर आहे, किल्ल्याचा, शंभरेक मीटर उंच, त्यावर मस्त भेगा दिसतात उरवाई गेटच्या बाजूने जाताना. आपण तिथेच का नाही शिकत? १७८० च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅमची माणसं रात्री तो कडा चढून गेलीच होती की, महादजींच्या शिबंदीला पत्ताही लागला नाही. आणि ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, म्हणजे दगड ओलाच असणार!

तोमरकालीन

गडप्रेमी, मी उत्तर देते कारण हा माझा विषय आहे, पुरातत्त्वात एम.ए. केलंय आणि किल्ल्यावर बरीच वर्षं जाते आहे.

पॉपहॅमच्या लोकांनी लाकडी शिड्या लावल्या होत्या आणि पाय घसरू नयेत, आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायात कापूस भरलेले जोडे होते. वाट दाखवणारे इथलेच होते. ती लढाई होती आणि आपल्यासाठी तो काही आनंदाचा दिवस नव्हता.

आता कड्याबद्दल. किल्ला आणि त्याचा कडा संरक्षित आहे, तिथे चढाई बेकायदा आहे, हे एक. पण नुसता कायदा सांगून मला थांबायचं नाही. त्याच कड्यात १५ व्या शतकात, तोमरांच्या काळात, तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या गेल्या, काही तर कित्येक माणसांच्या उंचीच्या. त्या वेगळा दगड आणून बसवलेल्या नाहीत, तो कडाच मूर्ती झालाय. चढणीच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, तेही एकसंध दगडात कोरलेलं, त्यात इसवी सन ८७६ चा लेख आहे, २७० हात लांबीची बाग, त्या २७० मधलं शून्य बघायला जगभरातून गणिताचे लोक येतात. बोटाच्या नखाएवढं शून्य आहे हो ते. बाडेकरांनी त्यांच्या एका कॅमने उठलेल्या वीतभर रेघा सांगितल्या ना, तशी एक रेघ इथे कुठे पडली तर काय होईल, एवढा विचार कर. पाण्याने या दगडाचे पापुद्रे सुटताना मी दर पावसाळ्यानंतर बघते, त्यावर आणखी आपलं वजन नको.

गडप्रेमी_गोपाचल

ताई, समजलं. शून्याचा लेख मी शाळेच्या सहलीत बघितला होता, पण दगडाच्या बाजूने असा विचार केला नव्हता. किल्ल्याचा विषय सोडला.

बाडेकर

तोमरकालीन, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. क्रीकलाही अगदी हेच आहे. मोआबकडून दरीत उतरतानाच रस्त्याला लागून न्यूजपेपर रॉक आहे, दगडावर मँगनीज आणि लोहाचा काळा लेप चढलेला असतो, तो टोचून टोचून काढलेली शेकडो चित्रं, हरणं, पावलं, घोडेस्वार. पावसाच्या त्या दिवशी आम्ही तिथेच दोन तास होतो. ती सगळी जमीन होपी, नावाहो, यूट, झुनी लोकांच्या पूर्वजांची. त्यांच्याच मागणीवरून २०१६ मध्ये बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, २०१७ मध्ये ते कापून लहान केलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत केलं. क्रीक त्यातच येतं. कुठे जुन्या घरांचे अवशेष दिसले, चित्र दिसलं, तर त्या रूटवर जायचं नाही. जमिनीवर काळा खडबडीत थर दिसतो, तो जिवंत असतो, सूक्ष्म जिवांचा आणि शेवाळाचा, वाळू त्यानेच धरून ठेवलेली असते. त्यावर एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. म्हणून पायवाट सोडायची नाही.

अकाबाहून

मी मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजार, सध्या जॉर्डनमध्ये नोकरी. ज्यांना अमेरिका लांब पडते त्यांनी वादी रमचा विचार करावा. अकाबापासून गाडीने तासभर. सँडस्टोनचे प्रचंड डोंगर, खाली ग्रॅनाइटचा पाया, मधे लाल-गुलाबी वाळू. १९८४ मध्ये टोनी हॉवर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी इथले रूट शोधून जगाला सांगितले, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून बदू (बेदुईन) लोक रानबोकडांच्या शिकारीसाठी अनवाणी हे डोंगर चढत होते, आणि त्यांच्या वाटा आजही वापरात आहेत. आम्ही राहिलो ते बदू घरातच, रात्री वाळूत पुरून शिजवलेलं मटण-भात, झर्ब म्हणतात.

फरक सांगतो. क्रीकसारख्या सरळ समांतर भेगा इथे कमी, रूट लांब, दिवसभराचे, आणि दगड जागोजागी ठिसूळ. उतरताना वाट सापडणं हाच मोठा भाग. चढण्यापेक्षा उतरायला आम्हाला जास्त वेळ लागला, अंधार पडला. त्यामुळे पहिली सँडस्टोन ट्रिप म्हणून एकट्याने नको. पाऊस फार कमी पडतो, पण हिवाळ्यात पडला की अरुंद घळींमधून लोंढा येतो, तेव्हा बदू माणूस थांबा म्हणाला की थांबायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

सयाजीगंजकर

अकाबाहून, दांडिया बाजारचं कोणीतरी भेटलं, छान वाटलं! वादी रम यादीत टाकलं.

बाडेकर, आता मला सांगा, क्रीकला जायच्या आधी हा हात अडकवायचा प्रकार इथे कुठे शिकायचा? बडोद्याजवळ पावागड आहे पण तो ज्वालामुखीचा खडक, शिवाय यात्रेची गर्दी, देवीचं ठिकाण, तिथे मी चढणार नाही. अबू वर्षातून एकदाच जमतं.

बाडेकर

लाकडाचं करा. तिकडे त्याला क्रॅक मशीन म्हणतात. मी ग्वाल्हेरला परतल्यावर बाबांच्या गोदामात केलंय. ८ फुटी जाड फळ्या दोन, जाडी दोन इंच तरी हवी, रुंदी ८-१० इंच, एकमेकींसमोर उभ्या. मधे लांब नट-बोल्ट आणि लाकडी ठोकळे घालून अंतर कमीजास्त करता आलं पाहिजे, ३ सेंटीमीटरपासून १० पर्यंत. ते मी आडवं छताला टांगलंय, त्यामुळे खाली लटकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं, पडलं तरी गादीवर. उभं भिंतीला लावलंत तर पायांचा सराव जास्त होतो. आतल्या बाजूला रंग किंवा पॉलिश अजिबात नको. सुतार विचारतो हे कशासाठी, त्याला करून दाखवलं तर तोही हात घालून बघतो.

एकच सांगतो, छताचा हुक दोन माणसांचं वजन घेईल असा असावा, तो ओळखीच्या वेल्डरकडून डोळ्यांसमोर करून घ्या.

गडप्रेमी, तू ग्वाल्हेरचाच आहेस, रविवारी सकाळी गोदामावर ये. टेप मी देतो. बाबाही असतात, त्यांना ओली फर्शी आणि कोरडी फर्शी बोटाने वाजवून दाखवायला सांग, दोन्हींचा आवाज तूच ऐक.

गडप्रेमी_गोपाचल

काका, येतो नक्की, मित्रालाही आणू का? आठ वाजता चालेल?

बाडेकर

आण की. साडेसातला या, नऊनंतर ट्रक लागतो.

राजवाड्याजवळ

मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने पहिल्यांदा कॅलेंडर उघडून आमच्या नऊ दिवसांचे बारा केले. फळ्या आणायला उद्या सियागंजला जातोय. बाडेकर, ठोकळे किती लागतील तेवढं सांगा.

बाडेकर

प्रत्येक बोल्टला एक जोडी, ८ फुटांत पाच बोल्ट, म्हणजे दहा. आणि प्रत्येक रुंदीचा वेगळा संच, सुरुवातीला फक्त ५ सेंटीमीटरचा करा, मुलीसाठी ४ चा.